पांढरा प्लग

आमच्या हळ्ळीखेडात मोटारसायकल कुणाचीही असो, कितीही जुनी असो, बघणारा पहिला प्रश्न एकच विचारतो, "एव्हरेज किती देती?" सोयरीक जमवायला आलेले पाव्हणेसुद्धा चहा येईपर्यंत अंगणातल्या गाडीभोवती फेरी मारतात आणि लिटरला किती किलोमीटर जाते ते आधी काढून घेतात. मुलीचं शिक्षण त्यानंतर. या प्रश्नाचा मला फार जुना राग आहे. त्या प्रश्नापायी माझं डावं मनगट आजही थंडीत ठणकतं, त्यामुळे मी उगाच चिडते असं कुणी म्हणू नये.

माझी गाडी टू-स्ट्रोक आहे. माझ्या वडिलांची. आम्ही त्यांना अप्पा म्हणत असू. कमठाण्याला त्यांचं ऑइल इंजिनं दुरुस्त करायचं काम होतं. विहिरीवरची इंजिनं, पिठाच्या गिरणीची इंजिनं, उसाच्या चरकाची इंजिनं, सगळी आमच्या दारात येऊन पडलेली असायची. अप्पा गेल्यावर दिवस झाले, तेव्हा भावानं रिवाजाप्रमाणे मला साडी आणली आणि सहज विचारलं, "ती जुनी गाडी घेतीस का विकू?" मी म्हणाले, साडी ठेव, गाडी दे. त्याला वाटलं मी दुःखात बरळतेय. मी त्याच संध्याकाळी पदर खोचून गाडी काढली आणि सासरी घेऊन आले. माहेराहून गाडी चालवत आलेली सून हळ्ळीखेडानं तोवर पाहिली नव्हती, त्यामुळे आठ-पंधरा दिवस लोकांना बोलायला विषय मिळाला.

मी शाळेत शिकवते. शाळा हुमनाबादच्या पलीकडे, हायवे सोडून आत गेल्यावर लागणाऱ्या एका खेड्यात. तिथं जाणारी बस दिवसातून दोनदा. सकाळची शाळा भरून तास झाल्यावर पोचते, आणि दुपारची शाळा सुटायच्या अर्धा तास आधी निघते. म्हणजे ज्यानं कुणी ते वेळापत्रक केलं, त्याला शाळा ही वस्तू ऐकूनसुद्धा माहीत नसावी. गाडी येण्याआधी मी हुमनाबादला उतरून वडापच्या जीपमध्ये कोंबून घेत असे, नाहीतर शेवटचे तीन किलोमीटर चालत असे. गाडी आली आणि माझी सकाळ माझ्या हातात आली. ही गोष्ट ज्यांच्या हातात जन्मापासून सकाळ असते त्यांना सांगून समजत नाही.

अप्पांनी मला कार्ब्युरेटर शिकवला तो पोरीला काहीतरी शिकवावं म्हणून मुळीच नव्हे. त्यांना चष्मा लागला आणि जेटचं भोक दिसेना, म्हणून. कार्ब्युरेटर म्हणजे काय, तर पेट्रोलची एक छोटी वाटी. त्या वाटीतून इंजिन हवेबरोबर पेट्रोल ओढून घेतं. किती ओढायचं ते ठरवतो जेट, करंगळीच्या नखाएवढा पितळी तुकडा, त्याला मधोमध केसाएवढं भोक. त्याच्यावर नंबर कोरलेला असतो. नंबर मोठा तर भोक मोठं, पेट्रोल जास्त. नंबर लहान तर पेट्रोल कमी, हवा जास्त, आणि मग इंजिन आतून तापतं. इंजिनाला पोटभर मिळतंय की ते उपाशी आहे, हे प्लग काढून बघायचं. प्लगचं टोक भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखं तपकिरी असेल तर सगळं ठीक. काळंकुट्ट असेल तर जास्त होतंय. आणि चुन्यासारखं पांढरं असेल तर गाडीवर बसू नये. एवढंच शास्त्र आहे. एवढ्या शास्त्रावर अप्पांनी चार माणसांचं घर चालवलं.

दोन वर्षांपूर्वी गाडी तापायला लागली. चढावर ओढेना, थ्रॉटल धरून ठेवला की आतून खुळखुळ्यासारखा आवाज येई. पेट्रोलमध्ये आता उसाच्या मळीचं इथेनॉल मिसळतात हे सगळ्यांनाच माहीत आहे. आमच्या भागात चारी बाजूंनी ऊस, आमच्याही चार एकरांत ऊस. आमचाच ऊस आमच्याच गाडीला पचेना, असं मी घरात हसत म्हणायचे. नव्या गाड्यांना ते चालतं. जुन्या कार्ब्युरेटरला त्याच भोकातून थोडं जास्त पेट्रोल लागतं, नाहीतर ती उपाशी पळते. मी नवऱ्याला म्हणाले, एक नंबर मोठा जेट टाकून घेते. त्यांचं खताचं दुकान आहे, हिशेबी माणूस. ते म्हणाले, "आता आहे तेच एव्हरेज परवडंना, आणि तू अजून मोठा जेट घालायलीस?" शाळा तपासणी आली, पेपर आले, आणि तो विषय तिथंच राहिला.

मग पुढच्या उन्हाळ्यात, हुमनाबादच्या बायपासला, सरळ रस्त्यावर, मागं लॉरी असताना इंजिन जाम झालं. पिस्टन सिलिंडरला धरून बसला, मागचं चाक जागच्या जागी थांबलं आणि मी डाव्या हातावर पडले. लॉरीवाल्यानं ब्रेक मारला म्हणून हे लिहायला मी आहे. धाब्यावरच्या माणसांनी मला बाजेवर बसवलं, पाणी पाजलं, आणि त्यातल्या एकानं गाडीकडं बघत हळूच विचारलं, "अक्का, एव्हरेज किती देती ही?" मनगट मोडलेलं नसतं तर मी त्याला फटकावलं असतं.

हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. त्या सहा आठवड्यांत आमच्या घरात गाडीची पंचायत बसली. घरात थोरले भावजी, म्हणजे माझे मोठे दीर, यांचा शब्द चालतो. ते माझ्याशी थेट बोलत नाहीत. जुनी रीत आहे, मानाची समजतात. मी समोर उभी असले तरी ते माझ्या नवऱ्याकडं बघून म्हणतात, "तिला सांग."

"तिला सांग," ते म्हणाले, "नाकापेक्षा मोती जड झालाय. भंगारवाला येतोय सोमवारी."

मी म्हणाले, सिलिंडर बोर करून नवा पिस्टन घालते, माझ्या पगारातून. मोठा जेट घालते. गाडी चालेल. माझे मालक घाबरलेले होते, हे मला दिसत होतं. दवाखान्यात माझी हातातली पिशवी त्यांनी दोन तास छातीशी धरली होती. शेवटी तेच म्हणाले, "बरं. कर. पण आता एक अट. पुन्हा एकदा जरी ही गाडी थांबली, तर भंगारात. आणि तू बसनं. न्हाई जमलं तर शाळेला सुट्टी कायमची. सगळ्यांपुढं सांग, व्हय म्हणून."

मी सगळ्यांपुढं "व्हय" म्हणाले. त्या वेळी मला ते जिंकल्यासारखं वाटलं होतं. आज विचाराल तर त्या एका शब्दाची मला जितकी लाज वाटते तितकी पडल्याची वाटत नाही.

आता मिस्त्रीकडं येते. हुमनाबादला हायवेच्या कडेला त्यांचं गॅरेज. वय साठीचं, हात सोन्याचा, बोलणं निम्मं मराठी, निम्मं दखनी. आमच्या घरच्या सगळ्या गाड्या त्यांच्याकडंच जातात. बोर होऊन नवा पिस्टन बसेपर्यंत भाद्रपद आला. मग मी त्यांना दोन नंबर मोठा जेट मागितला तेव्हा ते हातातला पाना खाली ठेवून हसले.

"अक्का, तीस बरस झाले मला. लोकं येतेत ते छोटा करा म्हणून. मोठा करा म्हणणारी तुमी पयलीच."

"मग मोठा करणारे तुमी पयले व्हा," मी म्हणाले.

"नक्को अक्का. पेट्रोल पाण्यासारखं पील ती."

"पिऊ द्या की. माझं पेट्रोल हाय."

ते अजून थोडे कुरकुरले, पण जेट दाखवला. मी डोळ्यांनी नंबर वाचला. बरोबर होता. कार्ब्युरेटर काढायला आणि बसवायला दोन्ही हातांत जोर लागतो, माझ्या डाव्या हातात तेव्हा गिलासही ठरत नव्हता. शिवाय प्लग सोडला तर रस्त्यावर बसून गाडी उघडायची नाही, हे मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी घरात कबूल करून बसले होते. माहेरी पाना धरायचा, सासरी नाही. म्हणून जेट मिस्त्रींनी बसवला. मी चहा पिऊन येईपर्यंत झालंसुद्धा होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गाडी सरळ रस्त्याला काढली. तपासायची एक पद्धत आहे. इंजिन चांगलं गरम झालं की थ्रॉटल पूर्ण उघडून थोडं अंतर पळवायचं, मग एकदम क्लच दाबून किल्ली बंद करायची. गाडी आपोआप सरकत थांबते, आणि मग तिथंच प्लग काढून बघायचा. मी तुरीच्या शेताच्या बांधाला गाडी टेकवली, पदरानं धरून गरम प्लग काढला. पांढरा. चुन्यासारखा पांढरा.

मला वाटलं नीट पळवली नसेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पांढरा. कार्ब्युरेटरच्या सुईची क्लिप एक घर खाली घेतली, म्हणजे मधल्या वेगाला पेट्रोल वाढतं, ती मिस्त्रींच्याच हातून घेतली. पांढरा. हवेचा स्क्रू अर्धा फेरा आत, म्हणजे हवा कमी. गाडी जागेवर उभी असताना गोड चालायला लागली, पण रस्त्यावर तोच पांढरा प्लग. तीन आठवडे मी रोज पहाटे शेतकऱ्यांच्या कुतूहलाचा विषय झाले. एक म्हातारा रोज बांधावर तंबाखू मळत उभा राहायचा. शेवटी त्यानं विचारलं, "पोरी, रोज इथंच कामून बंद पडती गं तुझी गाडी?" मी म्हणाले, बंद पडत न्हाई, मीच पाडते. त्यानं माझ्याकडं दयेनं पाहिलं आणि तंबाखू पुढं केली.

मिस्त्री म्हणाले, "इंजिनच म्हातारं झालं अक्का. आता ती प्लग काळा दाखवनार न्हाई." हे धादांत खोटं आहे हे मला कळत होतं. इंजिन म्हातारं झालं तर तेल जास्त जळतं आणि प्लग काळा पडतो. पण तीन आठवड्यांनी माणूस हलतो. मला वाटायला लागलं, मला अप्पांनी शिकवलं ते अर्धवटच शिकवलं की काय. किंवा मीच विसरले. शाळेत मी पोरांना सांगते की उत्तर पटत नसेल तर गणित पुन्हा मांडा. मी रोज पुन्हा मांडत होते आणि रोज तेच चुकीचं उत्तर येत होतं. एके दिवशी अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटवताना मी रडले. नंतर त्याचाही राग आला. मी चाळीसच्या पुढं गाडी नेईना झाले. थ्रॉटल सोडून सोडून, श्वास धरून शाळेला जायचे.

असं करत खंडेनवमी आली.

आमच्याकडं खंडेनवमीला घरातलं प्रत्येक हत्यार धुऊन पुजतात. नांगराचा फाळ, कोयते, विळ्या, दुकानातला तराजू, शाळेतलं माझं लाल पेनसुद्धा. त्या दिवशी हत्यारांना विश्रांती. पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत एकही उचलायचं नाही. गाड्यांचंही तसंच. विहिरीवरची मोटर चालू करून मोठा पाइप धरायचा आणि ट्रॅक्टर, जीप, मोटारसायकल, जे दिसेल त्यावर धो धो पाणी मारायचं. वर्षभर धूळ पुसणार नाहीत, पण नवमीला चाकाच्या आऱ्याही चमकल्या पाहिजेत. पाणी एअर फिल्टरमध्ये जातं, सायलेन्सरमध्ये जातं, कार्ब्युरेटरमध्ये जातं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडं जत्रा असते आणि दर वर्षी लोक तोंडात बोट घालून म्हणतात, परवा तर चांगली चालत होती! भक्ती फार झाली की गाडी बुडते, असं अप्पा म्हणायचे.

माझी गाडी मी ओल्या फडक्यानं पुसून ठेवली होती. पण मी पुरणात गुंतलेली असताना माझ्या मालकांनी ती विहिरीवर नेली. स्वतः धोतर वर खोचून, साबण लावून धुतली. मला आनंद व्हावा म्हणून. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणी त्यांना वाईट माणूस म्हणेल.

दुपारी दारात पूजा झाली. गाड्यांना झेंडूचे हार, हळदी-कुंकवाची बोटं, चाकाखाली लिंबू. समोर पाटावर सगळी हत्यारं मांडलेली, त्यात गाडीबरोबर आलेल्या अप्पांच्या पेटीतले पानेही होते. मग रीतीप्रमाणे प्रत्येक गाडी लिंबावरून नेऊन गल्लीत एक फेरी मारायची. थोरल्या भावजींची जीप निघेना. चौघांनी ढकलली, दोन घरं पुढं गेल्यावर धूर सोडत सुरू झाली. सगळे हसले, टाळ्या पिटल्या. मग माझी पाळी. तिसऱ्या किकला गाडी लागली, लिंबू फुटलं, मी वीस पावलं गेले आणि गाडी फुसफुसून बंद पडली.

टाळ्या नव्हत्या.

भावजी जीपमधून उतरले. नवऱ्याकडं बघून म्हणाले, "थांबली. ठरल्यालं होतं. तिला सांग."

नवरा फुटलेल्या लिंबाकडं बघायला लागला. मी गाडीवर बसून होते. आत्ताच याच माणसाची जीप निघेना तेव्हा चार जण धक्का द्यायला धावले. तिला कुणी भंगारात घाला म्हणालं नाही. दर नवमीला अर्ध्या गावाच्या गाड्या थांबतात. माझीच तेवढी एकदाही थांबायची नाही? असली अट कुणी बैलाला घालत नाही. आणि मी शहाणी, तिला सगळ्यांपुढं होकार देऊन बसले होते.

मी गाडी स्टँडला लावली, पाटाकडं गेले, आणि कुंकू लावलेला स्क्रू-ड्रायव्हर आणि दहाचा पाना उचलला.

बायका "अगं अगं" करत पुढं आल्या. भावजींचा आवाज चढला, आणि पहिल्यांदा ते थेट माझ्याशी बोलले. "पूजेतलं हत्यार हाय ते! उद्यापर्यंत हात लावत न्हाईत. देवीला काय सांगणार?"

"देवीला सगळं ठाव हाय," मी म्हणाले. "आठ हातांत आठ हत्यारं घेऊन उभी हाय ती. नवमीलाच तर चालवली तिनं. तिनं ठेवली का खाली?"

आणि मी गल्लीत, धुळीत, नव्या इरकली साडीत मांडी घालून बसले. लग्नानंतर सतरा वर्षांत पहिल्यांदा.

पेट्रोलचा कॉक बंद केला. क्लॅम्प ढिला करून कार्ब्युरेटर तिरका केला. डाव्या हातातून कळ खांद्यापर्यंत गेली, जाऊ दिली. खालची वाटी सोडवली आणि त्यातलं पेट्रोल पूजेच्या ताटातल्या स्टीलच्या वाटीत ओतलं. तळाशी बोटभर गढूळ पाणी बसलेलं, वर पेट्रोल. मी वाटी मालकांपुढं धरली.

"हे विहिरीचं पाणी. गाडी थांबली ती तुमच्या धुण्यानं. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

ते वाटीकडं बघत राहिले. चेहरा उतरला होता, पण नुसत्या पाण्यापायी उतरावा त्यापेक्षा जास्त. मला ते खटकलं. इतकं सगळं उघडलंच आहे तर जेटही फुंकून घ्यावा, म्हणून मी स्क्रू-ड्रायव्हर लावला. तेव्हा ते घाईनं म्हणाले, "तो राहू दे. तिथं काय पाणी नसंल."

मी वर पाहिलं. कार्ब्युरेटरमध्ये कुठं पाणी असतं आणि कुठं नसतं हे माझ्या नवऱ्याला कधीपासून कळायला लागलं?

जेट हातात आला. नंबर तोच, मी वाचलेला. मी तो उन्हाकडं धरला, भोकातून बघायला. उजेड अर्धाच आला. भोकातून तांब्याची एक तार ओवलेली होती. वायरीतल्या पिळातली एक बारीक तार, दोन्ही टोकं दुमडलेली, निसटू नये म्हणून. मोठ्या भोकाचं पुन्हा लहान भोक केलेलं. एव्हरेजसाठी.

तीन आठवडे पांढरा प्लग. तीन आठवडे मी स्वतःला खुळी समजत होते.

"मिस्त्रीला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

मग मालक म्हणाले, "मीच." आणि आवाज अगदी खाली आणून, "पेट्रोल वाचंल म्हणून. मिस्त्री म्हणला काय होत न्हाई, सगळे घालतेत."

"आणि पयल्या जेटमध्ये?"

त्यांनी माझ्या मनगटाकडं पाहिलं. पहिल्या जेटमध्येही तार होती. त्याच तारेनं इंजिन उपाशी पळालं, त्याच तारेनं बायपासला पिस्टन धरला, आणि मी लॉरीपुढं पडले. आणि आम्ही सगळे मिळून वर्षभर इथेनॉलला शिव्या देत बसलो. इथेनॉलचा थोडा दोष होताच, पण चोर सोडून संन्याशाला फाशी दिली ती दिलीच. मालकांना हे माहीत नव्हतं. मिस्त्रींनी सांगितलं असेल की पेट्रोलमुळं झालं, आणि त्यांनी ते मानलं असेल, कारण मानायला सोपं होतं. आता माझ्या हाताकडं बघताना त्यांना कळत होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. मला त्यांची कीव आली आणि त्याच वेळी रागही आला. दोन्ही खरं आहे. एकानं दुसरं खोडत नाही.

मी तार दातांनी सरळ करून ओढून काढली. तोंडात पेट्रोलची चव आली. जेट फुंकला, बसवला, वाटी लावली, क्लॅम्प आवळला. एअर फिल्टर पिळून वाळत टाकला आणि प्लग पुसला. पहिली किक, दुसरी, सहावी. गल्लीतलं कुणी हललं नव्हतं. अकराव्या किकला गाडीनं पांढरा धूर सोडला आणि धरली. आवाज वेगळा होता. भरल्या पोटाचा, जाड. अप्पांच्या दारात ऐकलेला. मला तो इतक्या दिवसांनी ऐकून भरून आलं, पण मी रडले नाही, कारण बोलायचं होतं.

भावजी म्हणाले, "बरं, या वेळेला पाण्यानं थांबली, सोडून दिलं. पण पुन्हा थांबली तर..."

"पुन्हा थांबंल," मी म्हणाले. "जुनी गाडी हाय, थांबणारच. तुमची जीप थांबती की. त्या दिवशी मी व्हय म्हणले, ते चुकले. ती अट आता न्हाई. आणि या कार्ब्युरेटरला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा न्हाई. मिस्त्रीनं न्हाई, आणि..." मी मालकांकडं पाहिलं. पुढं म्हणाले नाही. त्यांना ऐकू आलं.

पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर पुसून मी पुन्हा पाटावर ठेवले. एका बाईनं घाईघाईनं त्यांना पुन्हा कुंकू लावलं. बिचारीनं चांगलंच केलं.

त्यानंतर मी मिस्त्रीकडं गेले. त्यांनी मान खाली घालून म्हटलं, "अक्का, गाडी तुमची, पन घर तर साहेबांचं ना." मी म्हणाले, पडले मी होते, साहेब न्हाई. त्यांच्याकडून मी मधला एक नंबर घेतला, कारण दोन मोठा जेट तारेशिवाय जरा जास्तच होत होता, आणि तो गोठ्यात बसून मीच बसवला. घरी चार दिवस आम्ही नवराबायको कामापुरतं बोलत होतो. पाचव्या दिवशी त्यांनी माझ्या मनगटाला तेल लावून दिलं. माफी वगैरे मागितली नाही. मीही दिली नाही. तेल मात्र लावून घेतलं.

कारखान्यांचा हंगाम सुरू झाला तसे उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर आले. त्यांच्यामागं खालच्या गिअरमध्ये रांगत जायचं म्हणजे प्लग काजळतो. एका सकाळी हुमनाबादच्या अलीकडं गाडी थांबली. सरळ, भर रस्त्यात, कुणाच्या पाण्यानं नव्हे, कुणाच्या तारेनं नव्हे, नुसती थांबली. एक मोटारसायकलवाला थांबून म्हणाला, "अक्का, ढकलू का?" नको म्हटलं. पिशवीतून पाना काढला, प्लग खरवडला, लावला, निघाले. शाळेत पोचले तेव्हा प्रार्थना संपली होती. हजेरीपटावर माझ्या नावापुढं उशीर लागला, लागू दे.

ही गोष्ट कुणाला कळली नसती. रात्री सगळे जेवायला बसले होते. भावजी, मालक, पोरं. मी भाकरी वाढता वाढता म्हणाले, "आज गाडी थांबली."

सगळ्यांचे हात ताटात थांबले. भावजींनी माझ्या नवऱ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं त्यांच्याकडं न बघता माझ्याकडं पाहिलं.

"मग?" ते म्हणाले.

"मग काय?" मी म्हणाले. "उघडली, आणि गेले."